तेरा गड्ड्यांचा ड्राफ्ट

“आ पैसा छे के पार्सल?”

काचेमागचा कॅशियर पुटपुटला. स्वतःशीच म्हणे, पण योगिताच्या कानात नेमकं जाईल अशा बेतानं.

चूक त्याची नव्हती. तिनं त्याच्यापुढे पन्नासाच्या नोटांच्या तेरा गड्ड्या मांडल्या होत्या आणि प्रत्येक गड्डी पॉलिस्टरच्या धाग्यानं अशी करकचून आवळलेली, की बिचाऱ्या नोटांचा श्वास कोंडावा. तिचे वडील काशिनाथ सुरतेत लिंबायतला माग चालवायचे. गेले सहा महिने दर पंधरवड्याचा पगार झाला की दहा नोटा बाजूला, वर धागा, त्याला मागावरची गाठ. आता मागावरची गाठ ही काही सोडायची वस्तू नव्हे. तुटलेला धागा जोडायचा, गाठ कापडात निघून जाते आणि कापड बाजारात. पण ही गाठ पुढे कुणाला तरी सोडावी लागेल, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं!

तेरावी गड्डी कालच्या पगारातली. आणि एम.ई.ची फी भरायचा शेवटचा दिवस आज. चार वाजता कॉलेजची खिडकी बंद झाली, की सीट वेटिंग लिस्टवरच्या पहिल्या नंबराला.

बँकेच्या घड्याळात पावणेदोन. काउंटर दोनला बंद.

“भाऊ, ब्लेडनं कापा ना!”

“ब्लेड मारीश तो नोट कपाई जशे. पछी कोण भरशे?”

नोट कापली तर भरणार कोण, हा प्रश्न बिनतोड होता. योगितानं दात लावून पाहिले, नखं लावून पाहिली. एक नख गेलं. गाठ ढिम्म.

“सरका जरा...” मागून आवाज आला.

उंच, सावळा, बगलेत प्लॅस्टिकची फाइल. त्यानं गड्डी उचलली, आणि मग काउंटरवरचा तिचा ड्राफ्टचा फॉर्म त्याच्या नजरेस पडला. क्षणभर त्याचे हात थांबले. फॉर्मकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं...

“नाही जमत ना?” योगिता रडकुंडीला आलेली.

“जमतं,” तो हळूच म्हणाला. “एक टोक सरळ ताणायचं, वेढा मागे लोटायचा. असं.”

गाठ अलगद सुटली. जणू रुसलेलं माणूस नुसत्या हाकेनं वळावं!

मग दोघं कामाला भिडले. तो सोडायचा, ती नोटा सरळ करून काचेखालून सारायची. घाईत बोटाला बोट लागलं — एकदा चुकून. दुसऱ्यांदा... तेही चुकूनच म्हणू या. तेरावी गाठ सुटली तसा तो ओरडलाच, “आते कशी सुटनी!”

योगिता खुदकन हसली. सुरतेच्या बँकेत, पंख्याखाली, घरची अहिराणी!

“तुम्ही मागावर असता?”

“सुट्टीत चालवलेत चार वर्षं. आता बी.ई. झालोय. मी हेमराज, डिंडोलीचा. तुनं नाव... वाचलं मी फॉर्मवर.”

“मग विचारता कशाला?”

“कुठे विचारलं? सांगितलं.”

दोनला पाच मिनिटं असताना तिच्या हातात पितळी टोकन पडलं आणि अडीचला ड्राफ्ट. हेमराजचंही काही काम होतं म्हणे त्या रांगेत, पण “ते नंतर बघू” म्हणत तो बाहेर आला. त्यालाही कॉलेजलाच जायचं होतं. रिक्षा एकच मिळाली. तिलाही दोन हव्या होत्या असं नाही.

बाहेर भुरभुर सुरू होती. रिक्षाचा पडदा फाटका, त्यामुळे सगळे थेंब हेमराजच्या बाजूनं.

“इकडे सरका, भिजाल.”

“सरकलो तर लोक काय म्हणतील?”

“भिजलात तर न्युमोनिया काय म्हणेल?”

तो सरकला. वीतभरच, पण योगिताच्या छातीत मागांचं अख्खं लूमखातं खडखडायला लागलं. ड्राफ्ट तिनं दोन्ही हातांनी धरला होता. बरंच झालं, नाहीतर हात ठेवायचे कुठे हा मोठाच प्रश्न होता!

तीन वीसला ती खिडकीशी. आत सरलाबेन क्लार्क. त्यांनी ड्राफ्ट घेतला, शिक्का उचलला आणि तिच्या मागे उभ्या हेमराजकडे त्यांचं लक्ष गेलं.

“तू? तू... आनी साथे?” हिच्याबरोबर?

“हो बेन. मारा ना शिक्का.”

सरलाबेननी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. काहीतरी ओठांवर आलं, ते त्यांनी गिळलं. धप्पकन शिक्का बसला. गणपत शिपाई तिथेच उभा होता. तो उगाच छताकडे बघत, “आज गरमी बहु छे” म्हणाला. बाहेर तर पाऊस!

पण योगिताला कुठलं भान? पावती छातीशी धरून तिनं व्हरांड्यात गिरकीच घेतली. “झालं! हेमराज, झालं! चला, चहा माझ्याकडून—”

गिरकी थांबली ती नोटिस बोर्डासमोर. ‘फी बाकी’ म्हणून एकच नाव, तिचं. त्याखाली वेटिंग लिस्ट. पहिलं नाव हेमराज. गाव डिंडोली.

तिनं ते नाव पुन्हा एकदा वाचलं.

“तुम्ही बँकेत... तुमचा ड्राफ्ट काढायला उभे होतात.”

“चहाचं काय म्हणत होतीस?”

“मी चारपर्यंत आले नसते, तर आज तुमची ॲडमिशन होती. सरलाबेनना ठाऊक. गणपतला ठाऊक. बोललं कुणीच नाही.” ती त्याच्याकडे वळली. “गाठ सोडायच्या आधी कळलं होतं, की नंतर?”

“आधी.” तो हसायचा प्रयत्न करत होता. “जाऊ दे ना. पुढच्या वर्षी भरीन फॉर्म. माग आहेतच—”

“थट्टा नको. खरं सांगा.”

पन्हाळीतून पाण्याची धार पडत होती, हेमराजनं तिकडे तोंड फिरवलं. वळला तेव्हा डोळे भरलेले होते.

“खरं? हवी होती मला ती सीट. फार हवी होती. रिक्षात एकदा मनात आलं, ही आता बंद पडावी... वाटेतच, चार वाजेपर्यंत. लाज वाटली गं मला.” त्यानं श्वास घेतला. “मग तू म्हणालीस इकडे सरका. आणि वाटलं, बंद नको... थांबूच नये ही रिक्षा. तू आवडलीस मला, योगिता. सीट गेली त्याचं वाईट वाटतंय, आणि तू आवडलीस. दोन्ही खरं आहे.”