टेपवरचं हसू

दार उघडून ती तरातरा बाहेर पडायला गेली आणि कपाळमोक्ष होता होता वाचली. दारापलीकडे चक्क भिंत होती! मालिकेच्या सेटवरचं दार ते, त्याला ‘बाहेर’ कुठून असणार? नव्या संवादलेखिकेने कामाच्या पहिल्याच दिवशी वाट शोधता शोधता नेमकं तेच गाठलं होतं. कपाळ चोळत ती एकटीच हसत सुटली. तिचं हसूही होतं चमत्कारिक — खळखळत वर चढायचं आणि शेवटी उचकी लागल्यासारखं अडकायचं.

“पुन्हा... पुन्हा हसता का एकदा?”

वरच्या काचेच्या खोलीतून एक तरुण डोकावत होता. हेडफोन गळ्यात, चेहरा पांढराफटक.

“का हो? मी काय विदूषक आहे?”

“तसं नाही... हे हसू मी ओळखतो. रोज ऐकतो.”

“अय्या! आणि हे आजवर किती जणींना सांगून झालंय?”

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला आणि खिडकीतून दिसेनासा झाला. तिला वाटलं, बरा आहे की!

त्याला सगळे हशावाला म्हणत. जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेची ही आपल्या भाषेतली आवृत्ती. नवरा, बायको, मधोमध सोफा, डावीकडे दार. देशोदेशी ती पुन्हापुन्हा झाली होती, आणि मूळ कंपनीची अट सगळीकडे एकच : सोफा तोच, विनोद तेच आणि हशाही तोच. प्रेक्षकांच्या त्या ध्वनिमुद्रित हशाची टेप एका देशातून दुसऱ्या देशात फिरत यायची. कुठल्या विनोदावर किती हसायचं हे सांभाळणं, एवढंच हशावाल्याचं काम.

स्टुडिओच्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की चित्रीकरण थांबे. मग ती चहाचे दोन कप घेऊन वर काचेच्या खोलीत जाई. पाऊस थांबूच नये, असं तिला मनापासून वाटू लागलं होतं. त्याचंही लक्ष टेपवर कमी आणि दाराकडेच जास्त असे.

“साखर विसरलात वाटतं?” तो एकदा म्हणाला.

“घातलीय दोन चमचे.”

“मग तुमच्याकडे बघत प्यायलो, म्हणून कळली नसेल.”

“हे वाक्य पाठ केलं होतंत ना?”

“सकाळपासून,” तो म्हणाला.

ती हसली. त्याने मात्र कप बाजूला ठेवला. “एक गोष्ट ऐकवू? घाबरू नका.”

त्याने हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. बोटं केसांना लागली, तशी ती शहारली. मग हशा सुरू झाला. शेकडो माणसं हसत होती आणि त्यांच्या मधून एक हसू खळखळत वर चढलं... आणि उचकी लागल्यासारखं अडकलं.

तिच्या हातातला कप कलंडला. “हे... माझं?”

“तुम्ही इथे येण्याच्या आधीपासून आहे.”

तिने हेडफोन काढून ठेवला. तो हळूहळू बोलत राहिला. हशा जुळवायचा म्हणून त्याने सगळ्या देशांतल्या आवृत्त्या ऐकल्या होत्या. दर आवृत्तीत आणखी एका बाईचं हसू वाढलेलं होतं. त्याने तिथल्या साउंडवाल्यांना फोन करून ती बाई कोण ते विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं : आमची लेखिका ना? शेवटच्या भागाच्या चित्रीकरणाला होती, नंतर कुणालाच दिसली नाही.

“शेवटच्या भागात बायको दारात म्हणते, ‘मी जाते.’ नवऱ्याचं पेपरातून लक्षच नाही. ती जाते आणि हशा. तो हशा झाला की लेखिका...” तो तिच्याकडे वळला. “तुमची जागा तिथे आधीच धरून ठेवलीय. सोडा हे काम. आजच.”

“सोडून गेले, तर तेही जाणंच झालं की,” ती म्हणाली. “आणि माझ्या जागी जी येईल तिचं काय?”

बोलून तर गेली, पण त्या संध्याकाळी घरी मावशी काहीतरी गमतीचं बोलली, ती हसली, आणि मावशी दचकून इकडेतिकडे बघायला लागली. “अगं, तोंड तुझं हललं, पण आवाज शेजारच्यांच्या टीव्हीतून आला!”

दुसऱ्याच दिवशी ती संहिता घेऊन बसली. तिने ‘मी जाते’ हे वाक्य नाना तऱ्हांनी बदलून पाहिलं. कंपनीचे साहेब प्रत्येक वेळी काट मारत. “हे वाक्य शब्दशः हवं. करारात आहे.”

शेवटच्या भागाचं चित्रीकरण भर दुपारी होतं. ती हशावाल्याच्या शेजारी बसली. त्याने तिचा हात धरला. जगाची लाज बाळगायची ही वेळ नव्हती. खाली बायकोचं काम करणाऱ्या अक्का पर्स घेऊन दाराशी गेल्या. टेप आपोआप फिरू लागली. तिच्या घशातून हसू वर यायला लागलं, तिचं तिला आवरेना. तिने धरलेल्या हाताकडे पाहिलं, तर तिच्या बोटांमधून त्याची बोटं दिसत होती.

“नको ना...” तो पुटपुटला. “नको ना जाऊस.”

अक्कांनी दार उघडलं. मागे वळून पाहिलं. आणि उभ्या जन्माच्या सवयीने म्हणाल्या,

“येते हं.”

साहेब ताडकन उठले. “जाते! जाते म्हणायचंय!”

“अहो, घरातून निघताना बाई ‘जाते’ म्हणते का कुठे? जिभेला वळणच नाही तसं!” अक्का फणकारल्या.

टेप फिरतच होती. पण हशा आला नाही. टेपवर कुणीतरी दाबून धरलेला श्वास सोडला. मग खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, पर्सा मिटल्याचे, चपला शोधल्याचे. कितीतरी बायका, कुठल्या कुठल्या भाषांत, एकमेकींचा निरोप घेत होत्या. पावलं लांब लांब गेली, आणि पुढे टेप कोरी होती.

“वाजवा ना हशा!” खालून साहेब ओरडले.

“नाहीये,” हशावाला म्हणाला. “घरी गेला.”

तिने आपला हात उलटासुलटा करून पाहिला. चांगला जाडजूड होता, शाईच्या डागासकट. तिला एकदम रडू फुटलं. तो गोंधळला, रुमाल शोधू लागला, सापडेना, शेवटी शर्टाची बाहीच पुढे केली.

“मला नीट बोलता येत नाही,” तो म्हणाला. “आजवर काही मनातलं बोललो की कुठूनतरी हसू यायचं. म्हणून राहून गेलं. माझ्याशी... लग्न करशील?”

‘तुम्ही’वरून तो ‘तू’वर कधी घसरला, त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. ती भिंतीला कान लावून बसून राहिली. त्याचा जीव टांगणीला लागला.

“चुकलं का माझं?”

“श्श... थांब ना जरा.” तिने डोळे मिटले होते. “कुणीसुद्धा हसत नाहीये. ऐकू दे मला.”

मग त्याच्या बाहीला नाक पुसत ती म्हणाली, “हो.”