सोड कोण म्हणालं?

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत, माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे.

यात अमावास्या नाही, मध्यरात्र नाही, ओसाड बंगलाही नाही. जे सुरू झालं ते भर दुपारी, घरामागच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये. ऊन इतकं होतं की पत्रा तडतड वाजत होता.

म्हणून मला दुपारची भीती वाटते. रात्री मी खुशाल झोपते.

मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. दादा वेल्डर. तो लोखंडाला टाके घालतो, मी रेक्झिनला. आई म्हणायची, एका घरात दोन शिंपी झाले आणि माझ्या ब्लाउजचं हूक लावायला कुणाला वेळ नाही.

बाबा कारखान्यात लेथ मशीनवर होते. त्यांच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट अर्धंच होतं. बाकीचं मशीनने खाल्लेलं. लहानपणी आम्ही विचारायचो, बाबा, बोट कुठे गेलं? ते म्हणायचे, "पुढे गेलंय. रस्ता बघायला."

तेव्हा आम्ही हसायचो.

बाबांना एकच वेड होतं. जुन्या पद्धतीची ड्रॅगस्टर घरी बनवायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ही फक्त सरळ पळायची गाडी. शिडीसारखा लांबलचक सांगाडा, पुढे सायकलसारखी दोन बारीक चाकं, मध्ये उघडं इंजिन, मागे दोन दांडगे टायर. चालवणारा त्या टायरांच्याही मागे, अगदी शेपटीला बसतो. सुटायचं, जीव खाऊन पळायचं, थांबायचं. वळणं हा प्रकारच नाही.

"यांच्यासारखीच," आई म्हणायची. "एकदा तोंड ज्या दिशेला केलं, त्या दिशेला."

सांगाडा उभा राहिला आणि बाबा गेले. शेडमध्येच, हार्ट अटॅकने. आम्ही धावत पोचलो तेव्हा ते जमिनीवर बसलेले होते. मान खाली. उजवा हात मात्र वर, सांगाड्याच्या पाइपवर.

पाइप घट्ट धरलेला होता.

इंची काकांनी त्यांचं एकेक बोट सोडवलं. इंची काका म्हणजे बाबांचे कामातले जोडीदार. सगळं इंचात मोजतात, सेंटिमीटर म्हटलं की शिवी दिल्यासारखं बघतात. त्या दिवशी ते घामाघूम झाले होते. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "सोडत नाहीये गं."

दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एक म्हणजे, वेल्डिंगचा टाका थंड झाला की बाबा त्यावर पान्याने हलकेच मारायचे आणि कान देऊन ऐकायचे. ठण वाजला की म्हणायचे, "बोलतोय." ठप वाजला की, "मुका आहे. काप." आमच्या शेडमध्ये मुका टाका कधी राहिला नाही.

दुसरी म्हणजे "सोड". जड वस्तू साखळीच्या कप्पीवरून खाली घ्यायची असली की बाबा म्हणायचे, "धर… धर… धर… सोड." क्लच शिकवतानाही हेच. आम्हाला सायकलसुद्धा याच शब्दावर आली. आमच्या घरात त्या शब्दावर हात आपोआप उघडतो. डोकं नंतर चालतं.

बाबांच्या मागे शेडला कुलूप होतं. मग शहराबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर जुन्या धाटणीच्या गाड्यांची शर्यत ठरल्याचं दादाच्या कानावर आलं. त्याने त्याच दिवशी कुलूप उघडलं.

"बाबांची गाडी एकदा तरी पळाली पाहिजे," तो म्हणाला.

आई काहीच बोलली नाही. मला ते चांगलं लक्षण वाटलं. आईचं गप्प बसणं मला अजूनही ओळखता येत नाही.

काम जोरात सुरू झालं. दादाने मागचा ॲक्सल कापून आखूड केला. इंची काकांनी भंगारातून एक म्हातारं इंजिन आणलं आणि त्याला सुनेसारखं कौतुकाने घरात घेतलं. मी सीट शिवली, बांधून बसायचे पट्टे शिवले, स्टिअरिंगला चामड्याचं कव्हर घातलं. खूप वर्षांनी घरात हसणं होतं.

आणि एका दुपारी…

आम्ही सगळे आत जेवायला बसलो होतो. मी, दादा, आई, इंची काका. चौघंही ताटावर. शेडमध्ये कुणीच नव्हतं.

ठण…

दादाचा हात ताटातच थांबला.

ठण… ठण…

पान्याने टाके तपासल्यासारखा आवाज. सावकाश. एक वाजला की मध्ये थोडं थांबून, ऐकून, मग पुढचा.

"पत्रा तापलाय," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला.

ठण… ठण…

ठप.

आणि मग खिडकीतून, अगदी रोजच्या सुरात…

"सोड."

आईच्या हातातलं भांडं खाली पडलं. मी आणि काका धावत गेलो. शेडमध्ये गाडी होती, ऊन होतं, जमिनीवर पडलेला पाना होता. हात लावला तर पाना गार होता. त्या भट्टीसारख्या शेडमध्ये… गार.

दादा मागून आला. मला वाटलं घाबरला असेल. पण त्याचे डोळे भरून आले होते.

"ऐकलंस? बाबा म्हणतायत, सोड. गाडी पळव म्हणतायत!"

"आणि तो ठप?"

"कसला ठप?"

त्याने ऐकलाच नव्हता. माणसाला जे हवं तेच ऐकू येतं, दुसरं काय.

मी हट्टच धरला. संपूर्ण दुपार काकांनी आणि मी एकेक टाका वाजवून बघितला. सगळे बोलत होते. खणखणीत. एकही मुका नव्हता.

यानेच मला जास्त भीती वाटली. मुका टाका सापडला असता तर कापून टाकला असता. आता काय कापणार?

पुढच्या आठवड्यात इंजिन बसवायचं होतं. इंजिन साखळीला टांगलेलं. दादाच्या हातात साखळी. काका सांगाड्यात हात घालून बोल्टांची भोकं जुळवत होते. मी इंजिनाला बाजूने आधार दिला होता.

"धर…" काका म्हणाले. "धर… अर्धा इंच… धर…"

"सोड."

दादाने हात उघडला.

इंजिन धाडकन बसलं. काकांनी हात कसा बाहेर काढला ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांच्या शर्टाची बाही इंजिनाखाली अडकून टरकन फाटली. हात वाचला.

"अरे गाढवा! मी सोड म्हणालो का?"

"तुम्ही नाही?" दादाने माझ्याकडे बघितलं. "मग तू म्हणालीस."

मी मान हलवली. मी नव्हते.

कप्पीची साखळी अजून हलत होती. दादाने ती हाताने थांबवली.

साखळी पुन्हा हलायला लागली.

त्या दिवशी मी नियम केला. यापुढे "सोड" फक्त मी म्हणणार. समोर उभी राहून, तोंड दिसेल असं, दोन्ही हात वर धरून. हात खाली आणले की सोड. माझं तोंड दिसत नसेल, हात खाली आले नसतील, तर कुणीही काहीही म्हणो, हलायचं नाही. दादाने माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. शर्यतीतही तसंच ठरलं. तिथे प्रत्येक गाडीला आपला माणूस समोर उभा करायची मुभा होती.

माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, आता सगळं माझ्या हातात आहे.

शर्यतीच्या सकाळी मी पट्टे शेवटचे तपासत होते. आई शेडच्या दारात आली. कुलूप उघडल्यापासून ती तिथे एकदाही आली नव्हती. आत पाऊल न टाकता तिने विचारलं, "दादाला काय वाटतं? बाबा गाडी पळव म्हणतायत?"

"हो. आणि मला वाटतं, ते धोका आहे म्हणतायत. नाद सोड म्हणतायत."

आईने मान हलवली.

"तुम्ही पोरांनी त्यांचं 'सोड' कामातलं ऐकलंय. मी संसारातलं ऐकलंय." ती गाडीकडे बघत होती. "त्यांच्या हत्यारांना कुणी हात लावला ना, की ते असं म्हणायचे. ओरडायचे नाहीत. हळू, असंच. सोड. म्हणजे ठेव खाली. माझं आहे."

मी हातातला पट्टा खाली ठेवला.

"आई, हे तू आज सांगतेस?"

"मेलेल्या नवऱ्याबद्दल पोरांना काय सांगू गं?" ती रडायलाच लागली. "पहिल्या दिवशीच ओळखलं मी. पण त्याचा चेहरा इतका फुलला होता… बाबा खूश आहेत म्हणाला. मला त्याच्या तोंडचा घास काढवेना."

मी दादाला सांगितलं. हातापाया पडले. तो इंजिनाला पेट्रोल पाजत होता. हसून म्हणाला, "बाबा आणि माझ्याकडून गाडी काढून घेणार? वेडी आहेस का? त्यांची आहे म्हणूनच तर पळवतोय."

मग मी शेवटचा उपाय ठरवला. मी "सोड" म्हणणारच नाही. हात खाली आणणारच नाही. शपथ घेतलीय, हलणार नाही तो. चिडेल, आयुष्यभर बोलणार नाही माझ्याशी. चालेल. जिवंत राहील.

दुपारी धावपट्टीवर आमची पाळी आली. लांबवर सरळ डांबर आणि त्यावर उन्हाच्या लाटा. दोन्हीकडे गर्दी. इंजिन असं गरजत होतं की पायाखालची जमीन थरथरत होती. शेजारच्या माणसाने कानात ओरडून सांगितलं असतं तरी ऐकू आलं नसतं.

मी समोर उभी राहिले. दोन्ही हात वर.

दादाने माझ्याकडे बघितलं. मी ओठ दाताखाली दाबून धरले होते. शेजारची गाडी सुटली. आमची उभीच. लोक ओरडायला लागले. दादाच्या कपाळावर आठी आली. पण तो हलला नाही. शपथ पाळली त्याने, हे मी कुणासमोरही सांगेन.

आणि तेव्हा… इतक्या आवाजात… माझ्या उजव्या कानाशी, अगदी शांतपणे…

"सोड."

माझे हात वरच होते. तोंड बंद होतं. पण दादाची नजर माझ्यावरून सरकली आणि माझ्या खांद्यामागे स्थिर झाली. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. त्याने मान डोलावली.

नाही, क्लच नाही सोडला त्याने.

त्याने स्टिअरिंग सोडलं.

दोन्ही हात उचलून असे बाजूला धरले. कुणाची वस्तू परत करावी तसे.

आणि गाडी सुटली.

मी बाजूला कशी पडले मला आठवत नाही. मान वळवून बघितलं तेव्हा गाडी पळत होती. रेघ मारल्यासारखी सरळ. इतकी सुंदर पळत होती, काय सांगू! दादाचे हात अजूनही वर होते. लोकांना वाटलं पोरगा मस्ती करतोय. टाळ्या पडल्या.

शेवटची रेघ ओलांडली. तिथे थांबायचं होतं.

ती थांबली नाही. सरळच गेली. पट्टी संपली, गवत आलं, पुढे कुंपणाचे लोखंडी खांब आले. वळण घ्यायला एवढी मोकळी जागा होती. पण ती वळणाऱ्यातली नव्हतीच.

दादा वाचला. मी शिवलेले पट्टे टिकले. उजव्या पायात सळई आहे, काठी घेऊन चालतो. गाडीचा चुरा झाला. इंची काकांनी तो स्वतः उभं राहून वितळवायला दिला. मला म्हणाले, "एक इंचसुद्धा मागे ठेवला नाही." सगळे टाके शेवटपर्यंत शाबूत होते, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे त्या दुपारचा ठप टाक्याचा नव्हताच.

शुद्धीवर आल्यावर दादाला विचारलं, क्लच का सोडलास?

"नाही सोडला," तो म्हणाला. "दोन्ही पाय दाबून बसलो होतो. ते म्हणाले सोड, म्हणून मी हात काढले. बस्स. पुढचं त्यांनीच केलं."

"मग आता झालं ना? मिळाली ना त्यांची गाडी?"

त्याने उजवा हात पांघरुणाखाली घेतला.

मला वाटलं होतं, इथे संपलं.

दादा दुपारी औषध घेऊन झोपतो. लोखंडी पलंग आहे, डोक्याशी पाइपचा कठडा. झोपेत त्याचा उजवा हात वर जातो आणि तो पाइप धरतो. घट्ट. हात निळा पडायला लागतो, म्हणून मी रोज त्याचं एकेक बोट सोडवते. झोपेतच पुटपुटतो, "बाबा… मी सोडलंय… तुम्ही सोडा ना."

आईला हे सांगितलेलं नाही.

काल दुपारी नेहमीसारखी गेले. अंगठा सोडवला. मग एकेक करत चारही बोटं सोडवली. सगळी मोकळी, सरळ केली.

तरी हात पाइपवरून उचलेना.

मी दोन्ही हातांनी ओढला. जरासुद्धा हलला नाही. मग नीट बघितलं… दादाच्या मनगटावर कातडी दबली होती. वरून कुणीतरी धरल्यासारखी. अंगठा, आणि पलीकडे चार बोटांचे खड्डे.

अंगठ्याशेजारचा खड्डा अर्धाच होता.

मला काय सुचलं कोण जाणे. मी हळूच, बाबांच्याच सुरात म्हणाले, "सोडा."

खड्डे आणखी खोल गेले.