पाण्यावर लक्ष

टॉवेलात गुंडाळलेली तलवार घेऊन तो दुकानाच्या दारात वळला आणि मूठ नेमकी तिच्या कोपराला लागली.

"माफ करा… हिला धार नाहीये," तो ओशाळून म्हणाला. "पणजोबांची आहे. साफ कराल?"

"करू की. आधी नीट धरायला शिका," ती हसू दाबत म्हणाली.

जुन्या पात्यांचा गंज काढण्यात तिच्या वडिलांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आता मात्र तोच हात कापू लागला होता. लेकीला त्यांनी एकच अट घातली होती – एक पातं एकटीने उजळ, त्याचं पाणी दाखव, की दुकान तुझं. नाहीतर कुलूप. तिने हेच पातं निवडलं.

तो रोज यायचा. तलवार बघायला, म्हणे! नजर मात्र तिच्या बोटांवर. तिला ते कळत होतं… आणि आवडतही होतं.

सातव्या दिवशी गंज उतरला. तिने पात्यावरचं तेल पुसून काढलं. "मी आतून आम्लाची बाटली आणते. तोवर पाण्यावर लक्ष ठेवा हं."

परतली तर पात्यावरून थेंब ओघळत होते. त्याच्या हातात रिकामा पेला.

"हे काय केलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना… मला थेंबसुद्धा दिसेना, म्हणून मीच घातलं."

पाणी म्हणजे पोलादाच्या अंगातल्या लाटा, हे त्या बापड्याला कोण सांगणार! उघड्या पात्यावर बघता बघता तांबूस ठिपके उमटले. वडील दारात येऊन उभे राहिले. दुकान हातचं जाणार होतं.

"फडकं द्या," ती म्हणाली. "कोरडं… आणि आता गप्प बसा."

तीन तास ती एकेक ठिपका पॉलिशच्या भुकटीने घासत होती. तो फडकी देत होता आणि गप्प बसत होता. दुसरं काम त्याला जास्त जड गेलं. मग तिने आम्लाचा हलका हात फिरवला. पातं काळवंडलं… आणि मुठीपासून टोकापर्यंत लाटाच लाटा! ती मोठ्याने हसली.

वडिलांनी किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या. "बिघडलेलं सावरलंस. तुझ्या वयात मला जमलं नव्हतं," म्हणाले आणि आत गेले.

"आता मी… येऊ नको ना?" त्याने हळूच विचारलं.

"दुकान माझं आहे. इथे कोण बसणार, ते मी ठरवणार."

"मग?"

"मग काय… मला तुम्ही आवडता. बसा."

तो बसला, तो दुकान बंद करायची वेळ झाली तरी उठला नाही.