मलमलीची दोन टोकं

ते साल दोन हजार आठ. पेट्रोल महागलं होतं, आणि जो तो कशाकशापासून तेल काढायच्या गोष्टी करत होता. धारवाडच्या एका कॉलेजामागे सिमेंटच्या टाक्यांत तेव्हा वेदश्री शेवाळ वाढवत होती. शेवाळ गाळायचं, वाळवायचं, कुटायचं आणि त्यातून गाडीत घालायचं तेल काढायचं, असा महादेव सरांचा प्रकल्प. सर काठावर उभे राहून समजावून सांगायचे, आणि टाकीत कोपरापर्यंत हात असायचे ते वेदश्रीचे.

वय एकतीस. बघायला आलेल्यांपुढे शिरा-उप्पिटाच्या बशा धरून धरून ती पार थकली होती. शेवटी तिने अप्पांना, म्हणजे वडिलांना, सांगून टाकलं, “हे काम चालू आहे तोवर कुणाला बोलवू नका.” अप्पा रिटायर्ड मास्तर, भला माणूस. ते हो म्हणाले. पण पुण्याच्या एका स्थळाला त्यांनी ‘काम संपू दे’ एवढंच कळवलं होतं, नाही म्हटलं नव्हतं.

शेवाळ गाळायला मलमल लागायची. एका संध्याकाळी धारवाडहून आपल्या गावी परतताना ती तिथल्या कमरीपेठेजवळच्या एका कापडदुकानात शिरली.

“या अक्का, बसा. काय दाखवू?”

गल्ल्यावरचा यशवंत येणाऱ्या प्रत्येक बाईला अक्का म्हणायचा. आजोबांच्या काळात निपाणीहून आलेलं त्यांचं घर. दोन बहिणींची लग्नं करता करता याचंच राहून गेलेलं.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा मलमल न्यायला आली, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. मग त्याला राहवलं नाही.

“अक्का, एवढी मलमल म्हणजे... चक्का बांधता ना? श्रीखंडाची ऑर्डर घेता?”

ती इतकी दमली होती की खरं सांगायचाही कंटाळा आला.

“घेते की. पण आमचं हिरवं असतं.”

“पिस्त्याचं?”

“खाऊन बघा आणि सांगा.”

पुढच्या खेपेला तिने खरंच बरणी नेली. यशवंतने मोठ्या अपेक्षेने झाकण उघडलं, आणि... डबक्यात सडलेल्या माशासारखा तो वास! दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी नाकाला पदर लावला. यशवंतने मात्र शांतपणे झाकण बसवलं.

“साखर जरा कमी पडली,” तो म्हणाला.

वेदश्री हसली. किती तरी महिन्यांनी. आपण हसतोय हे कळल्यावर तिने हात पदराआड घेतले, कारण तोच वास तिच्या बोटांनाही होता. साबणाने जायचा नाही.

आषाढ लागला. धारवाडची ती भुरभुर सुरू झाली. धड पाऊस नाही आणि ऊनही नाही. ताटांमधलं शेवाळ वाळेना, नासायला लागलं. सरांनी सांगितलं, गणपतीनंतर तपासायला माणसं येतील, तोवर बरणीभर सुकं शेवाळ दाखवलं नाही तर प्रकल्प बंद. अप्पांच्या कानावर ते गेलंच. “बंद झालं तर पुण्याच्यांना येऊ दे ना, बाळ?” त्यांनी हळूच विचारलं.

त्या दिवशी ती दुकानात आली ती नुसतीच बसून राहिली.

“शेगडी आणू का कोळशाची?” सगळं ऐकून यशवंत म्हणाला. “माडीवर ठेवू.”

“कोळसा जाळून तेल काढायचं? मग कोळसाच घाला की गाडीत.” तिने डोळे मिटले. “तेच तर सगळ्याचं झालंय. जेवढं निघतं, त्याहून जास्त जळण लागतं.”

यशवंतने गल्ला बंद केला. मग म्हणाला, “वर गच्चीवर पत्र्याची शेड आहे. चारी बाजूंनी वारं. आईचं खळ घातलेलं लुगडं पावसाळ्यात ती आणि मी तिथं दोन टोकं धरून झुलवायचो. चला, बघू.”

मग ते रोजचंच झालं. दुकान उघडण्याआधी आणि सुट्टीच्या दिवशी पिळलेलं शेवाळ मलमलीवर पातळ पसरायचं, एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला तो. मध्ये हिरवं, ओलं, वाऱ्यावर झुलणारं. दंड भरून यायचे.

“सोडू नका हं... सगळं सांडेल.”

“मी सोडत नाही. तुमचंच टोक खाली आलंय.”

“मी दमले.”

“मग दमा. टोक तेवढं धरून दमा.”

वाळलं की पापुद्रे खरवडायचे आणि कापड घडी करायचं. घडी करताना दोघांनी एकमेकांकडे चालत यायचं. टोकाला टोक लागायचं, बोटांना बोटं... वेदश्री घाईने हात काढून घ्यायची.

एक दिवस तिच्या लक्षात आलं.

“तुम्ही मला हल्ली अक्का म्हणत नाही.”

यशवंतने मलमलीकडेच बघितलं. “जमेना.”

गणपती गेले. माणसं आली. बरणी बघून खूश झाली, आणि मग त्यांच्यातल्या एकाने विचारलं, “हे वाळवलं कसं?” सरांनी खरं ते सांगितलं. “म्हणजे दोन माणसं रोज राबणार,” तो हसला, “त्या दोघांच्या भाकरीचं जळण हिशेबात कुणी धरलं?” प्रकल्प त्याच आठवड्यात बंद झाला.

वेदश्री शेवटची मलमल काढायला गच्चीवर गेली. दोघांनी घडी घातली. टोकाला टोक आलं.

“रविवारी पुण्याचे येणार?” त्याने विचारलं.

“येणार.”

“आणि तुम्ही बशा धरणार.”

“माझ्यात आता भांडायचं बळ नाही हो.”

“माझ्यातही फारसं नाही,” यशवंत म्हणाला. “पण टोक सोडवत नाही... काय करू?”

ती हात मागे घेऊ लागली, सवयीने. “वास येतो.”

“बरणी हुंगलेला माणूस आहे मी.”

मग तिने हात काढले नाहीत.

घरी जाऊन ती अप्पांना एवढंच म्हणाली, “रविवारी उप्पीट करते, पण पुण्याच्यांना नको म्हणा. कमरीपेठेतून येतील ते.” जात वेगळी, घर व्यापाऱ्यांचं. अप्पा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी रवा आणायला स्वतःच पिशवी घेऊन निघाले.

लग्नात अंतरपाट म्हणून यशवंतने तीच मलमल आणली. धुऊनही मधोमध हिरवट डाग होता. अप्पांनी एक टोक धरलं आणि विचारलं, “हे कसलं?” वेदश्री म्हणाली, “पिस्त्याचं.”

महादेव सर नंतर मैसूरला मुलाकडे गेले, तिथंच वारले. टाक्यांमध्ये कॉलेजने कमळं लावली; ती काही जगली नाहीत, शेवाळ मात्र आपोआप वाढतं. अप्पा शेवटची सहा वर्षं लेकीकडेच राहिले आणि जावयाच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांचं कन्नड सुधारत बसले. यशवंत अजून येणाऱ्या प्रत्येकीला अक्का म्हणतो. दोघांचे केस पिकलेत, गुडघे बोलतात. संध्याकाळी गच्चीवर वाळलेल्या चादरी काढताना पहिल्यासारखं भरभर चालवत नाही. पण घडी घालायला दोघं एकमेकांकडे येतात, आणि टोकाला टोक लागलं की थोडा वेळ तिथंच उभे राहतात.