स्पीकरची दुसरी जोडी

पुतण्याने गच्चीवर आणलेला गोल स्पीकर काकांनी दोन बोटांनी उचलला, मेलेलं झुरळ उचलावं तसा, आणि बंद करून पाण्याच्या टाकीवर ठेवून दिला.

“अहो काका, चांगला वाजतो तो!”

“वाजतो. पिंपही वाजतं. आता गप्प बसा, खऱ्या स्पीकरची गोष्ट सांगतो. ज्याच्यावर गुदरली तो माझ्या वर्गात होता, म्हणजे ऐकीव नाही. मागच्या नोव्हेंबरची चौदा तारीख, गुरुवार. रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं.”

भाचीने चादर पायांवर ओढून घेतली. काका सांगू लागले.

त्याला बाजारात सगळे कानसेन म्हणत. शौकिनांना स्पीकर निवडून द्यायचे आणि घरी जाऊन लावून द्यायचे, हा त्याचा धंदा. डोळे मिटले की गाणारी इथे, वाजवणारे तिथे, मागे कुणी खोकला तर तोही जागेवर, असं सगळं समोर उभं राहिलं पाहिजे. स्पीकर कुठे ठेवलेत हे कळताच कामा नये. हे त्याला जमायचं. जीभ मात्र कात्रीसारखी. गिऱ्हाइकांचे कान म्हणजे चष्मा अडकवायच्या खुंट्या, असं तो तोंडावर सांगायचा.

त्या रात्री तो तीन जोड्या घेऊन एका निवृत्त मास्तरांकडे गेला. तिसरा मजला आणि लिफ्ट बंद, त्यामुळे वर पोचेपर्यंत पारा चढलेला. मास्तरांची बायको उन्हाळ्यात वारली होती. त्यांनी मोबाइल पुढे केला.

“हे ऐकायचंय. हिचं पेपर वाचणं. माझे डोळे अधू झाल्यापासून हीच वाचून दाखवायची. एकदा सहज रेकॉर्ड केलं होतं, वीस मिनिटं.”

कानसेनला हसूच आलं. “मास्तर, याला एकच माइक. एका माइकचा आवाज दोन स्पीकरांच्या बरोब्बर मधोमध येतो, खिळा ठोकल्यासारखा. लाखाची जोडी घ्या, तसूभर हलणार नाही. त्यापेक्षा मोबाइल उशाशी घेऊन झोपा.”

“तिचा आवाज आठवेनासा झालाय मला,” मास्तर म्हणाले. “आठवायला जातो तेव्हा वाक्यं तिची असतात, आवाज माझाच. एकदा ती या खोलीत असल्यासारखी ऐकू आली, की पुरे.”

“स्पीकर आहेत हो हे. मेलेलं माणूस परत आणायचं यंत्र नाही.”

मास्तरांनी मोबाइल तसाच पुढे धरला.

“काय माणूस आहे!” पुतण्या म्हणाला.

“हलकट,” काका शांतपणे म्हणाले. “पुढे ऐक.”

कानसेनची रीत ठरलेली होती. टेपने मोजून त्रिकोण आखायचा; दोन कोपऱ्यांवर स्पीकर, तिसऱ्यावर ऐकणारा. आजूबाजूला आवाज आदळेल असं काही ठेवायचं नाही. डाव्या हाताला, खिडकीशी, एक वेताची खुर्ची होती. ती त्याने उचलली.

“ती राहू द्या,” मास्तर घाईने म्हणाले. “तिची जागा आहे ती.”

“तुम्हाला आवाज हवाय की अडगळ?”

खुर्ची पॅसेजमध्ये गेली. भिंतीकडे तोंड करून.

पहिली जोडी लावली. बाई एक जाहिरात वाचत होत्या. ‘स्वप्नातलं घर, मोजकेच फ्लॅट शिल्लक. म्हणे स्वप्नातलं! यांच्या स्वप्नात भिंतींना ओल येत नसेल.’ मास्तर हसले आणि त्यांनी डोळे पुसले.

“आलं ना मधोमध?” कानसेन म्हणाला. “सांगितलं होतं.”

दुसरी जोडी लावली, आणि आवाज डावीकडे सरकला. खिडकीशी, जिथे खुर्ची होती तिथे.

कानसेनने तोंड वाकडं केलं. वायर उलटी लागली की असं काहीबाही होतं. शिकाऊ पोरांची चूक. त्याने वाकून टॉर्च मारला. लाल लालला, काळी काळीला. सगळं बरोबर. “खोलीच दळभद्री आहे,” तो पुटपुटला.

आवाज आणखी सरकला. मास्तरांच्या मागे गेला. मग दाराशी.

मग पॅसेजमध्ये.

समोरच्या दोन स्पीकरांतून पाठीमागून आवाज येत नसतो. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

बाई हवामान वाचत होत्या. थांबल्या.

“इथे... इथे ती थांबत नाही,” मास्तर कुजबुजले. “मला पाठ आहे सगळं.”

कानसेनने अँप्लिफायर बंद केला. त्याचा हिरवा दिवा विझला. त्याने वायरही उपटली.

शांतता...

पॅसेजमध्ये पेपरचं पान उलटलं.

मग वेत करकरला. सावकाश. कुणी उठावं तसा.

पावलं नाहीत. काहीच नाही. आणि मग त्याच्या डाव्या कानाशी, अगदी लागून...

“कुणी हलवली?”

पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या कानांना नावं ठेवणारा तो माणूस दोन्ही कान दाबून तीन मजले उतरला.

दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात, सोबत टेम्पोवाल्याला घेऊन, तो सामान न्यायला गेला. मास्तरांनी दार उघडलं. दाढी केलेली, चेहरा ताजा. खुर्ची खिडकीशी होती. सगळे स्पीकर त्यांनी खोक्यांत भरून ठेवले होते.

“एकही जोडी नको?”

“नको. आता लागणार नाहीत.” मास्तर थोडे घुटमळले. “आणि दुसऱ्या जोडीतला डावा जरा कर्कश आहे म्हणे.”

“म्हणे? कोण म्हणे?”

मास्तरांनी हळूच दार लावून घेतलं.

दुकानात आल्यावर त्याने तो डावा स्पीकर टेबलावर घेतला आणि पुढचं कापड काढलं. आतला कागदी पडदा तुम्ही पाहिलाय. लहान पोरं बोटाने दाबतात, खळगा पडतो. तसे खळगे त्याने शेकड्यांनी पाहिले होते.

हे खळगे नव्हते. उंचवटे होते. वर चार, ओळीने, आणि खाली एक, अंगठ्याच्या जागी. स्पीकरच्या लाकडी पेटीचे स्क्रू कारखान्यातून आले तसेच, त्यांच्यावरचा रंगही उडालेला नव्हता. आणि पडदा बाहेरच्या बाजूला फुगला होता, आतून कुणी हात टेकवल्यासारखा.