आतला हात

जुनी वस्तू घेण्याआधी तिच्याशी दोन शब्द बोलावेत, असं पाटेवाला म्हणायचा. बोलायचं म्हणजे ठोकायचं. त्याचा सगळा जन्म मालट्रकांचे कमानपाटे, म्हणजे ओझ्याखाली दबणाऱ्या पोलादी पट्ट्या, बसवण्यात गेला. नाव केव्हाच मागे पडून लोकांच्या तोंडी ‘पाटेवाला’ एवढंच उरलं होतं, आणि घणाच्या दणदणाटाने डावा कान कामातून गेला होता. म्हणून जुन्याची पारख नवरा-बायको मिळून करत. त्याने बाहेरून ठोकायचं, तिने आतून तळहात टेकवून ऐकायचं. ठीक असेल तर तिने एक ठोका द्यायचा, शंका असेल तर दोन. कपाट, पाण्याची टाकी, पेट्या, सगळं असंच घरात आलं होतं. “ह्यांना तेवढं लग्नाआधी ठोकून बघायचं राहिलं,” असं ती चारचौघांत म्हणायची, आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसायचा.

आज घ्यायची होती ती शिडाची छोटी होडी. बायको लांबलचक आजारातून उठली होती. अंथरुणावर असताना तिने एकच मागितलं होतं, “बरी झाले तर मला एकदा पाण्यावर न्या.” आणि ती बरी झाली. तेव्हापासून पाटेवाल्याला जगाचे आभार किती मानू असं झालं होतं. दवाखान्याच्या दारातल्या रखवालदारालासुद्धा तो येता-जाता हात जोडायचा. होडी पसंत पडली तर त्याच दुपारी पाण्यात सोडायची आणि दोघांनी तिच्यातूनच खाडीपलीकडे घरी जायचं, असं ठरलं होतं. तरुणपणी त्याने होड्या हाकल्या होत्या. ज्या जीपने दोघं निघाले, ती मागाहून मेव्हणा घरी आणणार होता.

होड्यांच्या आवारात पोचले तेव्हा भर दुपारीच धुकं उतरायला लागलं होतं. उपड्या घातलेल्या होड्या, कुजलेले दोर, ओल्या लाकडाचा वास. त्यांची होडी ट्रेलरवर उभी होती, नव्या निळ्या रंगात नवरीसारखी नटलेली. माणूस बसेल एवढ्या आतल्या खणाचं दार उघडंच असेल, असं दलालाने फोनवर सांगितलं होतं.

“तू आत जा, मी खालून सुरू करतो,” असं म्हणत पाटेवाल्याने गोणपाट अंथरलं आणि लाकडी हातोडी घेऊन तो होडीच्या पोटाखाली सरकला. बायको मागून काहीतरी म्हणाली, पण ते डाव्या बाजूने होतं. गेलं वाऱ्यावर.

त्याने नाकाडापासून सुरुवात केली. टक.

जरा वेळ काहीच नाही. मग आतून एक ठोका आला. ठीक.

तो हातभर मागे सरकला. टक. एक ठोका. पुन्हा टक, पुन्हा एक. ठोके चांगले भरदार होते. गेलं वर्षभर तिला पाण्याचा पेला धरवत नव्हता, आणि आज हा जोर! होडीखाली उताणं पडल्या पडल्या पाटेवाल्याचे डोळे भरून आले. “हात सुधारला गं तुझा!” तो वर बघून म्हणाला.

आतून एक ठोका आला.

तो हसला आणि पुढे निघाला. कण्याच्या मध्यापासून जरा मागे त्याने हातोडी टेकवली. टक.

दोन ठोके.

त्याने कान लावून पुन्हा ठोकलं. त्याला तर आवाज बरा वाटत होता. पण दोन. आणखी हळू ठोकलं. दोन. मग त्याने हातोडी खाली ठेवली, तरी वरून ठोके येतच राहिले. दोन... दोन... दोन... घाईघाईने, आत कोंडलेल्या माणसाने दार बडवावं तसे. साचलेल्या पाण्याचा एक जड वास खाली उतरला.

“अगं हो, कळलं! कळलं म्हटलं ना!”

तेवढ्यात त्याची नजर फाटकाकडे गेली. होडीखालून पावलंच तेवढी दिसत होती. दोन बायका चालत येत होत्या. एकीच्या पायात अनोळखी काळ्या चपला होत्या. दुसरीच्या चपला त्यानेच गेल्या आठवड्यात आणलेल्या होत्या.

आणि डोक्यावर ठोके चालूच होते.

तो बाहेर कसा आला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. तो उभा राहिला आणि ठोके थांबले.

“अहो, असे पांढरेफटक का पडलात?” बायकोने विचारलं. “मी ओरडून सांगत होते, दाराला कुलूप आहे म्हणून. किल्ली ह्यांच्याकडे होती.”

काळ्या चपलांची बाई होडीची मालकीण होती. किडकिडीत, ओढलेल्या चेहऱ्याची, नवरा गेल्याला वर्ष झालेलं. तिने कुलूप काढलं. आत कोणी नव्हतं. तळाच्या फळ्यांवर धुळीचा थर होता, आणि त्यावर मुंगीच्या पावलाचीसुद्धा खूण नव्हती.

पाटेवाल्याचे हात मात्र कामाचे होते. त्याने नेमक्या जागची फळी उचलली आणि खालच्या लाकडात पेचकस टेकवला. दाबलासुद्धा नाही. भिजल्या पावात सुरी जावी तसा तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेरून भेगा बुजवायची लांबी भरून वर निळा रंग फासला होता.

“भर खाडीत...” बायको एवढंच म्हणाली, आणि तिने त्याचा दंड घट्ट धरला.

मालकीणबाई त्या भोकाशी खाली बसल्या. “मला खरंच माहीत नव्हतं हो, दादा. दलालाने रंगवली. होडी अर्धी बुडालेली सापडली होती, आणि हे... हे ह्या खणातच होते. सगळे म्हणाले, पाणी काढायच्या भोकाचं तळाचं बूच लावायला विसरला असेल. होड्यांवरची माणसं अजून हसतात त्यावर. जन्मभर दुसऱ्यांची बुचं तपासणारा माणूस, आणि स्वतःचंच विसरला म्हणे.” त्यांनी त्या कुजलेल्या जागेवर हात ठेवला. “मीसुद्धा तेच मानलं.”

“बूच जागेवरच गंजून बसलंय, वहिनी; पाणी ह्या कुजक्या लाकडातून शिरलं,” पाटेवाला म्हणाला. “ते काही विसरले नव्हते. आम्हाला ही जागा... त्यांनीच सांगितली.”

मग त्याने सगळं सांगितलं. बाई हमसून हमसून रडल्या, पण रडणं मोकळं होतं, वर्षाचं साचलेलं. “तुमचे उपकार झाले,” त्या परत परत म्हणत होत्या. पाटेवाला म्हणत होता, “उपकार त्यांचे. माझी बायको मला दुसऱ्यांदा परत मिळाली.” आणि त्याने उघड्या खणाला वाकून नमस्कार केला.

निघताना बाईंनी आत तोंड घालून हलकेच म्हटलं, “चला आता. इथे नका थांबू.”

ट्रेलरचे पाटे कुरकुरले. होडी बोटभर वर उचलली गेली. वरून जडसा माणूस उतरल्यावर गाडी उचलते, अगदी तशी. हे फक्त पाटेवाल्याने पाहिलं.

धुकं दाट झालं होतं, म्हणून बाईंना जीपने घरी सोडायचं ठरलं. त्या मागच्या बाकावर बसल्या, आपण होऊन खिडकीशी सरकल्या, बाजूला जागा ठेवून. जीपचं मागचं अंग खाली बसलं. एवढ्याशा बाईने पाटे इतके दबत नाहीत. खड्डे टाळत पाटेवाल्याने जीप इतकी जपून चालवली, जणू मागे आजारी माणूस निजलं आहे.

घर आलं. बाई उतरल्या, दार धरून जराशा थांबल्या. मग त्यांनी दार लावलं, हात जोडले आणि आत गेल्या. त्यांच्या खिडकीत दिवा लागला.

जीपचं मागचं अंग वर आलं नाही.

बायकोनेही ते ओळखलं असावं. मागे न बघता ती हळूच म्हणाली, “भाऊ... घर आलं तुमचं...”

मागे काही हललं नाही. थंडगार ओला वास तेवढा पुढे सरकला.

“अहो,” ती कुजबुजली, “तुम्ही सांगा ना.”

“काय सांगू?” पाटेवाला म्हणाला. “ज्याने आपल्याला बुडू दिलं नाही, त्याला उतरा कसं म्हणायचं?”

त्याने पुन्हा हात जोडले आणि जीप घराच्या रस्त्याला लावली.