कमळाखालची भाकरी

आटपाडीच्या पल्याड एक माळ होता. माळावर काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ होतं, आणि देवळाच्या ओवरीत उतरला होता एक पाथरवट. त्याचं नाव जोतीराम, बायकोचं तानुबाई.

देऊळ यादवांच्या वेळचं, सातशे वर्षांचं. चुना नाही, माती नाही. एका चिऱ्याला खाच, दुसऱ्याला जीभ, आणि वजनावर वजन. मंडपाचं छत म्हणजे दगडाची गोल कडी, एकाहून एक लहान होत वर चढत गेलेली. सगळ्यात वरचं भोक झाकायला कमळ कोरलेला दगड. चैत्रातल्या यात्रेला पंचक्रोशी त्या कमळाखाली दाटीवाटीनं उभी राहायची. किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे इथंही फळीवरची भांडी वाजली, आणि कमळ खाली येऊन फुटलं.

सरपंच हिंदुरावांनी नवं कमळ घडवून बसवायला जोतीरामाला बोलावलं खरं, पण मनातून भरवसा नव्हता. आदल्या साली खाणीत त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं चेचली होती. तेव्हापासून हात थरथरायचा, कपातला निम्मा चहा बशीत.

"यात्रेपातूर बसलं तर बसलं," हिंदुराव म्हणाले. "न्हाईतर छत पाडून सलॅब टाकतो. मग तू हिंड दारोदार, पाट्याला टाकी लावीत."

कमळ तर देखणं घडलं. बसवायच्या दिवशी गड्यांनी मंडपाच्या माथ्यावरून साखळीनं दगड सोडला, आणि आत बांबूच्या परांचीवर बसून खालून तो खाचेत घेताना जोतीरामाचा हात हलला. दगड नीट बसला की नाही, बोटांना कळेना. मग त्यानं बापजन्मात केली नव्हती ती गोष्ट केली. सगळ्या फटींत सिमिट भरलं.

"आवं, मामंजी सिमिटाला शिवत न्हवतं," तानुबाई म्हणाली.

"त्यांचा हात हालत न्हवता," जोतीराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला ती भाकरी घेऊन मंडपात आली. बाहेर ऊन रणरणत होतं. आत गारवा, वटवाघळांचा वास, आणि त्या वासात ताज्या फोडलेल्या दगडाचा वास. वर अंधारात छिन्नी चालली होती. ठक... ठक ठक...

"उतरा खाली. भाकरी आणलीया."

छिन्नी थांबली.

"ठेव तितं."

आवाज कोरडा, दगडावर दगड घासावा तसा. धूळ गेली असंल घशात, तिला वाटलं. तिनं फडकं पसरलं, भाकरी ठेवली आणि कांदा फोडायला दगड शोधू लागली.

"कुणासंगं बोलतीयास?"

दारात जोतीराम उभा होता. विहिरीवरून आंघोळ करून आलेला, खांद्यावर ओला पंचा.

दोघांनी वर बघितलं. परांची रिकामी. सगळ्या फटी कोरून साफ केलेल्या, कमळ आपल्या जागी तिरकं अडकलेलं. खाली फरशीवर सिमिटाच्या ढलप्या पडल्या होत्या, पण विखुरलेल्या नव्हत्या. अंगण झाडून केर गोळा करावा तसा नीट ढीग केलेला. तानुबाईची नजर फडक्याकडं गेली. फडक्यावर नुसता कांदा.

"बिऱ्हाड बांध," जोतीराम हलकेच म्हणाला. "हितं थांबायला नगं..."

तानुबाई उठली नाही. "आत्याबाई म्हणायच्या, जुन्या चिऱ्याला हात लावायच्या आधी भाकरी ठेवावी. ज्यानं तो पयल्यांदा बसवला, त्याच्या वाटची. आपुन ठेवलीच न्हाई."

"मग आता?"

"आता खाल्लीया की त्यानं. उद्या दोघांची आणते. तुमी तेवढं सिमिट इसरा."

यात्रा तीन दिवसांवर आली होती. दुसऱ्या दिवशी गड्यांनी दगड उचलून पुन्हा साखळीनं सोडला. जोतीराम एकटा परांचीवर. खाली तानुबाई, पुढ्यात दोघांची भाकरी.

"तानू..." वरून त्याचा आवाज आला, "हात धरलाय कुणीतरी..."

"उजवा का?"

"व्हय... लय गार हाय गं..."

"धरू द्या."

मग कडी घालावी तसा एकच आवाज झाला. दगड बसला. फटीत केस जाईना.

यात्रा भरली. कमळाखाली हजार माणूस उभं राहिलं, घंटा घणघणल्या, धुळीचा कणसुद्धा पडला नाही. हिंदुरावांनी स्वतः जोतीरामाला फेटा बांधला. "सलॅबवाल्याला द्यायचा नारळ आता तूच फोड, गड्या!" म्हणाले. ती गोष्ट गावोगाव गेली. मेढ्याकडून बोलावणं आलं, मग लोणंदकडून. दोन वर्षांत जोतीरामाचं स्वतःचं घडीव दगडाचं घर उभं राहिलं. आता घरात कशाला कमी नाही.

खाली उतरला की त्याला अजून चहाचा कप धरवत नाही. परांचीवर चढला की उजवा हात जरासुद्धा हलत नाही. तानुबाई रोज बाराला दोघांची भाकरी नेते आणि खालून हाक मारते.

"ठेव तितं," वरून नवरा म्हणतो. माणूस तिचाच. आवाज मात्र तो, कोरडा... दगडावर दगड घासावा तसा.

तानुबाई भाकरी ठेवते. वर बघत नाही.